खोकं कुठून आलं?

"पाचापैकी शून्य," साहेब म्हणाले आणि हातातला कप त्यांनी असा आदळला की चहा बशीत आला आणि बशीतला टेबलावर. "माझ्या मुलीला. विजेच्या प्रश्नात. शून्य."

साहेब वीज कंपनीत इंजिनिअर होते. ऑफिसात त्यांना सगळे साहेब म्हणत. घरात बायकोही म्हणायची, पण ती चिडवायचं असलं की. सबंध शहराची वीज आपल्याच कृपेने चालते असं साहेब बोलून दाखवत नसत, पण दिवे गेले की शेजारीपाजारी त्यांच्याच दाराशी येत आणि त्याचा त्यांना राग येण्याऐवजी बरंच वाटे. अशा माणसाच्या पोटच्या पोरीला विजेच्या प्रश्नात भोपळा मिळावा, म्हणजे पोहण्याच्या मास्तरची मुलगी बादलीत बुडण्यासारखंच झालं.

मुलीला घरात मुंगी म्हणत. अंगापिंडाने एवढीशी, पण एकदा एखाद्या गोष्टीला चिकटली की सोडायची नाही. विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या कॉलेजातून तिघांचा गट मोठ्या स्पर्धेला जायचा होता. तिथे परीक्षकांसमोर फळ्यावर उभं राहून भौतिकशास्त्राची गणितं सोडवायची असतात. दोन नावं ठरली होती. तिसरं या चाचणीच्या मार्कांवरून सोमवारी ठरणार होतं, आणि मुंगीला त्या जागेखेरीज गेला महिनाभर दुसरं काही दिसत नव्हतं. तोंडाने ती काही म्हणत नसे, पण जेवताना ताटात बोटाने आकृत्या काढायची.

"प्रश्न काय होता?" साहेबांनी विचारलं.

"एक चौरस पत्रा आडवा ठेवलाय. त्याच्या बरोबर मध्यावर, वरती, बिंदूएवढा एक विजेचा प्रभार आहे. पत्र्यातून फ्लक्स किती जाईल ते काढायचं. बाबा, पण त्यात ते अंतर..."

"बास. कळलं."

साहेबांना कोणाचंही वाक्य शेवटपर्यंत ऐकण्याची गरज कधी पडत नसे. अर्ध्यातच त्यांना सगळं कळायचं. याही वेळी कळलं. गोष्ट साधी होती. प्रभारातून चहूकडे सारख्या रेषा सुटतात असं धरायचं. त्यांतल्या किती त्या पत्र्यातून आरपार जातात, तो फ्लक्स. आता वर्गातले बैल पत्र्याचे बारीक तुकडे पाडून दोन-दोन पानं त्यांची बेरीज, म्हणजे समाकलन, करत बसतात. साहेबांनी मुंगीला ती हमाली करू नकोस म्हणून सांगितलं होतं. पत्रा म्हणजे एका चौकोनी खोक्याचा तळ आहे असं मनात आणायचं. उरलेल्या पाच भिंती आपल्या मनाने उभ्या करायच्या. प्रभार खोक्याच्या बरोबर मध्यात. सहाही भिंती सारख्या, तेव्हा प्रत्येकीच्या वाट्याला सहावा भाग. एका ओळीत उत्तर, आणि उरलेल्या वेळात डुलकी काढायची.

"आणि तू तेच लिहिलंस?"

"तेच लिहिलं."

"मग शून्य कसं?"

मुंगीने उत्तरपत्रिका पुढे केली. शून्याखाली लाल शाईत मॅडमनी लिहिलं होतं, "खोकं कुठून आलं?"

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शून्य एक वेळ त्यांनी पोटात घातलं असतं, पण हा शेरा म्हणजे सरळसरळ टिंगल होती. आयुष्यभर त्यांनी ज्या युक्तीच्या जोरावर परीक्षा मारल्या, त्या युक्तीला कोणी कालची आलेली बाई विचारते, खोकं कुठून आलं? बाईंचं वय काय, अनुभव काय, विजेचा खांब तरी कधी जवळून पाहिलाय का, असे प्रश्न त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाला विचारले. मुंगी म्हणाली की मॅडम चांगल्या शिकवतात. त्यावर साहेबांनी चांगलं शिकवणं म्हणजे काय यावर बरंच सांगितलं आणि एकदम थांबले. त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या खोक्याकडे गेली होती.

ते खोकं फ्रिजचं होतं. आठवड्यापूर्वी आलेला फ्रिज पहिल्या दिवसापासून घोरत होता. कंपनीचा माणूस आज दुपारपर्यंत येऊन तो बदलून देणार होता, मात्र घोरणारा फ्रिज मूळ खोक्यात बसवलेला असला तरच. त्यामुळे साहेबांच्या बायकोने ते खोकं जिवापाड जपलं होतं.

"खोकं कुठून आलं म्हणतात ना," साहेब म्हणाले, "दाखवतोच त्यांना कुठून आलं ते."

"अहो, त्याला हात लावू नका," बायको आतून म्हणाली. "माणूस कधीही येईल."

"तासाभरात परत आणतो."

"आणि भोक पाडू नका."

भोक पाडल्याशिवाय दिवा आत सोडायचा कसा, हे ज्यांना कळत नाही त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. साहेबांनी वरच्या झाकणाला एक भोक पाडलं, त्यातून वायरला लावलेला बल्ब अगदी खोक्याच्या मध्यापर्यंत सोडला आणि आत डोकावता यावं म्हणून बाजूला एक फट कापली. बायकोने ती फट पाहिली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. हे लक्षण वाईट होतं, पण साहेब तोवर जिन्यात पोचले होते.

कॉलेज दोन गल्ल्यांवर. गाडीत खोकं मावेना, म्हणून साहेबांनी ते डोक्यावर घेतलं. म्हणजे त्यांच्या मते डोक्यावर. प्रत्यक्षात तळाच्या पट्ट्या उघडल्या, ते गुडघ्यापर्यंत खाली आलं आणि रस्त्यावर दोन पाय असलेला एक फ्रिज चालू लागला. पुढे मुंगी. "डावीकडे घ्या बाबा, खड्डा आहे, आता सरळ," असं ती हळू आवाजात सांगत होती, आणि ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करत होती.

ओळखीचे भेटलेच. खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहत, रोज सकाळी वजनं उचलत, त्यामुळे त्यांना सगळे पहिलवान म्हणत. त्यांनी खोक्यावरचं फ्रिजचं चित्र पाहिलं, खालचे पाय ओळखले आणि जागच्या जागी थक्क झाले. हा माणूस आपल्याला लिफ्ट बंद असली की पिशवी धरायला लावतो आणि सबंध फ्रिज एकटा डोक्यावरून नेतो, हे त्यांच्या पचनी पडेना. पण शेजारधर्म म्हणून ते धावले. आतून साहेब ओरडत होते की मदत नको, पण ते ओझ्याखालचं कण्हणं वाटलं. पहिलवानांनी पाय रोवले, श्वास घेतला आणि फ्रिजच्या वजनाला लागेल तेवढी ताकद लावून खोकं उचललं. खोकं वर गेलं, पहिलवान मागे गेले आणि कोपऱ्यावरच्या कुंड्यांत बसले.

"रिकामं आहे?" त्यांनी कुंडीतूनच विचारलं.

"रिकामंच असायला पाहिजे," साहेब म्हणाले. "मधे फक्त एक प्रभार आहे."

पहिलवान दुखावले. मणका आधी दुखावला आणि मन नंतर. उद्यापासून तुमचे दिवे गेले काय आणि राहिले काय, असं काहीतरी ते पुटपुटले. दिवे गेले तर पहिलवानच साहेबांकडे येणार होते, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. साहेबांनी खोकं पुन्हा डोक्यावर घेतलं. आता ते जास्तच संतापले होते. एक साधी गोष्ट सिद्ध करायला माणसाने घराबाहेर पडावं तर जग वाट अडवायला टपलेलंच असतं.

कॉलेजच्या फाटकावर वॉचमनने हात आडवा केला. माल मागच्या फाटकाने, असं त्याने सांगितलं. हा माल नाही, असं साहेबांनी सांगितलं. मग आत काय आहे?

"काही नाही."

"मग देताय काय?"

"काही देत नाहीये. मॅडमना दाखवायचंय."

"रिकामं खोकं?"

"रिकामंच. त्यात सगळं आहे."

वॉचमनने खोकं वर करून आतल्या साहेबांकडे पाहिलं. रिकामी खोकी आत जातात आणि बाहेर येताना भरलेली असतात, हे त्याने नोकरीत पाहिलेलं होतं. तुम्ही दिसायला सभ्य दिसता, पण ते सगळेच दिसतात, असं तो म्हणाला. साहेबांच्या रागाचा पारा चढला. मी कोण आहे माहीत आहे का, असं विचारल्यावर वॉचमनने, नाही, म्हणूनच विचारतोय, असं सरळ उत्तर दिलं. शेवटी मुंगीने आपलं ओळखपत्र दाखवलं. परत जाताना खोकं उघडून दाखवायच्या अटीवर त्यांना आत सोडलं.

आत आणखी एक घोटाळा वाट पाहत होता. रसायनशास्त्राच्या विभागाने वर्षभरापूर्वी फ्रिज मागवला होता आणि तो येईल ही आशा सोडून दिली होती. व्हरांड्यातून फ्रिजचं खोकं येताना पाहून तिथल्या दोन मदतनिसांना भरून आलं. एकाने कोपरा झाडून ठेवला, दुसरा वायर घेऊन आला आणि दोघे साहेबांच्या मागोमाग चालू लागले. साहेब त्यांना सांगत होते की हा तुमचा नाही, पण इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या दोघांना सगळे असंच म्हणत आले होते, त्यामुळे त्यांनी ते मनावर घेतलं नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहेबांनी तळाच्या पट्ट्या बंद करून खोकं टेकवलं तेव्हा ते दोघे दारात आशेने उभे होते.

मॅडम उत्तरपत्रिका तपासत होत्या. त्या साहेबांच्या कल्पनेतल्यापेक्षा लहान होत्या आणि त्यांच्यापेक्षा बऱ्याच शांत होत्या. त्यांनी आधी मुंगीकडे पाहिलं, मग खोक्याकडे, मग साहेबांकडे, आणि बसा म्हणाल्या. साहेब बसले नाहीत. बसून संतापता येत नाही.

"तुम्ही विचारलंत, खोकं कुठून आलं," साहेबांनी सुरुवात केली. "हे पाहा खोकं. घरून आलंय."

मग त्यांनी वायर जोडली, खोक्यात दिवा लागला, आणि साहेब बोलत सुटले. हा दिवा म्हणजे प्रभार. हा तळ म्हणजे तुमचा पत्रा. या पाच भिंती आपण मनाने घेतल्या. उजेड चहूकडे सारखा, भिंती सहा, तळाला सहावा भाग. यात चूक दाखवा. युक्ती वापरणाऱ्या पोरीला शून्य आणि पाट्या टाकणाऱ्यांना पूर्ण मार्क, हे कुठलं शिक्षण? दारातले मदतनीस मान डोलवत होते. फ्रिजच्या आत दिवा लागतो हे त्यांना पटत होतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकही शब्द बोलल्या नाहीत, त्यामुळे साहेबांना थोडं चुकल्यासारखं झालं. मग त्या उठल्या, फटीतून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीही बघा जरा."

साहेबांनी पाहिलं. बाजूच्या भिंती लख्ख दिसत होत्या. तळ अंधुक होता.

"खोकं उंच आहे," मॅडम म्हणाल्या. "रुंदीच्या दुप्पट उंच. दिवा मध्यात टांगला की तो तळापासून रुंदीएवढा वर राहतो. जवळच्या भिंतींना जास्त उजेड मिळणार, लांबच्या तळाला कमी. सहा सारखे वाटे व्हायला दिवा रुंदीच्या निम्म्या उंचीवर हवा."

"ते या खोक्यापुरतं झालं," साहेब म्हणाले. "हे फ्रिजचं खोकं आहे. प्रश्नातलं खोकं सगळ्या बाजूंनी सारखं होतं."

"प्रश्नात खोकं नव्हतंच. पत्रा होता. आणि प्रभार किती उंचीवर होता?" हा प्रश्न मॅडमनी मुंगीला विचारला.

"पत्र्याच्या बाजूएवढ्या उंचीवर," मुंगी म्हणाली. "निम्म्या नाही."

"निम्म्या नाही?" साहेब म्हणाले.

"मी सकाळी तेच सांगत होते, बाबा."

साहेबांनी एकदा खोक्याकडे पाहिलं. सबंध रस्ताभर पहिलवानांना पाडत आणि वॉचमनशी भांडत त्यांनी जे डोक्यावरून वाहून आणलं, तो परीक्षेतला प्रश्नच होता. तोच पत्रा, तेवढंच अंतर. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको होती. फ्रिजवाला आला, खोकं नाही म्हणून थांबला नाही, आता पुढचे पंधरा दिवस घोरणं ऐका, एवढं सांगून तिने फोन ठेवला. दारातल्या मदतनिसांनी फ्रिज हा शब्द ऐकला आणि ते आणखी एक पाऊल आत आले.

हार मानायची साहेबांना सवय नव्हती. त्यांनी मोर्चा दुसरीकडे वळवला. ठीक आहे, उत्तर चुकलं असेल. पण मुलीने प्रयत्न केला होता, थोडा विचार केला होता, त्याचे एक-दोन मार्क तरी नकोत?

"प्रयत्न फार चांगला होता," मॅडम म्हणाल्या. "पण खोडलेलं तपासता येत नाही. नियम आहे."

"खोडलेलं?"

मुंगी जमिनीकडे बघायला लागली. "मी आधी समाकलन करून सोडवलं होतं," ती म्हणाली. "सोळाव्या भागाच्या आसपास आलं. मग ते खोडलं आणि खोक्याचं लिहिलं."

साहेबांचा संताप पुन्हा उफाळून आला. या वेळी तो खराखुरा होता. बरोबर आलेलं उत्तर पोरीने आपल्या हाताने खोडावं. हातातोंडाशी आलेली जागा घालवावी. आता स्पर्धेला दुसरंच कोणी जाणार आणि ही जेवताना ताटात आकृत्या काढत बसणार.

"पण का खोडलंस?" ते ओरडले. "स्वतः केलेलं गणित खोडायला कोणी शिकवलं तुला? कोण असलं बिनडोक शिकवतं?"

मॅडम उगाचच उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सारखा करू लागल्या. दारातले मदतनीससुद्धा छताकडे पाहू लागले.

"तुम्ही सहावा भाग म्हणता ना नेहमी," मुंगी म्हणाली. "माझं सोळावा येत होता. मला वाटलं, बाबा कसे चुकतील."

साहेब बसले. इतका वेळ शेजारी रिकामी असलेली खुर्ची त्यांना आत्ता दिसली. लहानपणी ही पोरगी प्रत्येक गणिताचं उत्तर आणून दाखवायची आणि ते फक्त शेवटची ओळ बघून हो किंवा नाही म्हणायचे, हे त्यांना आठवलं, आणि फार वाईट वाटलं. विजेचा शॉक त्यांना नोकरीत दोनदा बसला होता. हे त्याहून जोरात बसलं.

"तिसरी जागा मी अजून कोणाला दिलेली नाही," मॅडम म्हणाल्या. "खोडलेल्याचे मार्क देता येत नाहीत, पण मी ते वाचलं होतं. म्हणूनच शेरा लिहिला. वाटलं, खोकं कुठून आलं हे सांगायला ही माझ्याकडे येईल आणि भांडेल. मी हिची वाट बघत होते. तुमची नाही."

मग त्यांनी मुंगीच्या हातात खडू दिला. स्पर्धा फळ्यावरच असते, तेव्हा तिथे जे करायचं ते इथे करून दाखव, असं म्हणाल्या. मुंगीने फळा पुसला. पत्रा काढला, वर ठिपका काढला, अंतर लिहिलं आणि ते दोनदा अधोरेखित केलं. पत्र्याचे बारीक बारीक तुकडे केले, प्रत्येक तुकड्यातून किती रेषा जातील ते मांडलं आणि बेरजेला लागली. सुरुवातीला साहेबांना सगळं समजत होतं. मग थोडं थोडं समजेना. त्यांच्या ओठांवर दोनदा शब्द आले, पण त्यांनी ते गिळले.

शेवटून दुसऱ्या ओळीवर मुंगी थांबली. खडू फळ्यावर टेकलेला, मान वळलेली. सवयीने तिने वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, इथे बरोबर आहे ना?"

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. बरोबर असेल असं वाटत होतं. चूक असेल असंही वाटत होतं. आजवर अशा वेळी ते जे म्हणत आले, ते अगदी जिभेवर आलं होतं. मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या.

"मला माहीत नाही, मुंगे," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही. तूच बघ."

हे वाक्य मुंगीने त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग ती फळ्याकडे वळली, ओळ पुन्हा वाचली, एक चिन्ह बदललं आणि पुढे लिहीत गेली. शेवटचं उत्तर लिहून तिने त्याला चौकट केली आणि हात झटकले. या वेळी तिने कोणालाच विचारलं नाही.

"सोमवारच्या यादीत नाव घालते," मॅडम म्हणाल्या. "पण हे बघा, चाचणीचे मार्क मला बदलता येणार नाहीत. तिथे शून्यच राहील."

साहेब ज्या शून्यासाठी घरून निघाले होते, ज्याच्यासाठी शेजारी दुखावला, फ्रिज घोरत राहिला आणि फाटकावर चोर ठरायची वेळ आली, ते शून्य टेबलावर लाल शाईत पडलेलं होतं. त्यांनी उत्तरपत्रिका उचलली, नीट घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

"राहू द्या," ते म्हणाले. "ते तिचं नाहीच. माझं आहे."